प्रश्न सारखा, मोजमाप वेगळं

नैराश्य मोजणाऱ्या सगळ्या प्रश्नावल्या एकच गोष्ट मोजतात, हा गैरसमज संशोधकांतही मुरलेला आहे. एइको फ्रीड यांनी २०१७ मध्ये अशा ७ प्रचलित प्रश्नावल्या शेजारीशेजारी मांडल्या, तर मिळून ५२ वेगवेगळी लक्षणं निघाली. सातही ठिकाणी सापडणारी जेमतेम १२ टक्के.

वेगवेगळ्या प्रश्नावल्यांतले सारखे प्रश्न शोधण्याचं हे किचकट काम आता भाषा-मॉडेलला सांगता येतं. ‘हार्मनी’ हे मोफत साधन त्यासाठीच आहे. मात्र मॉडेल नुसते शब्द जुळवतं, हा समज चुकीचा. ते प्रत्येक प्रश्नाचं शेकडो आकड्यांच्या माळेत रूपांतर करतं आणि दोन माळा कितपत एका दिशेला जातात ते पाहतं. म्हणून ‘झोप लागत नाही’ आणि ‘रात्रभर तळमळत असतो’ यांत एकही शब्द सारखा नसला तरी ती विधानं जवळ येऊ शकतात.

मग साम्याचा आकडा मोठा आला की प्रश्न एकच? इथेच खरी फसगत होते. सीईएस-डी या १९७७च्या प्रश्नावलीत २० विधानं आहेत, त्यांतली ४ उलटी. ‘मी आनंदात होतो’ हे त्यांपैकी एक. ‘मी उदास होतो’ याच्याशी त्याचं साम्य बरंच भरू शकतं, कारण विषय एक, वाक्याची घडण एक. गुण मात्र उलटे द्यायचे असतात. शिवाय सीईएस-डी गेल्या आठवड्याबद्दल विचारते, पीएचक्यू-९ ही नैराश्याचीच दुसरी प्रश्नावली गेल्या दोन आठवड्यांबद्दल. ही सूचना कागदाच्या माथ्यावर असते. साधनात फक्त प्रश्न भरले तर मॉडेलला ती दिसतच नाही. गुणांचं म्हणाल तर एकीकडे कमाल ६०, दुसरीकडे २७. प्रश्न जुळले म्हणून इकडचे १० म्हणजे तिकडचे १० होत नाहीत.

‘आता माणसांची उत्तरं गोळा करायला नकोत’ हा उत्साह तर मला धोक्याचाच वाटतो. मॉडेल प्रश्न वाचतं, भरलेले कागद नाही. दोन विधानांना तीच माणसं होकार देतात का, हे त्या कागदांवरूनच कळतं. भाषांतरात तर हे अधिकच जाणवतं. मराठीत ‘जीव घाबरा होतो’ या विधानासमोर एखाद्या आजी खूण करतात, तेव्हा त्या काळजीबद्दल सांगत असतात की रात्री उसळलेल्या पित्ताबद्दल, हे आजींनाच विचारावं लागतं.