‘बॅक प्रेशर गेलं’ म्हणून ट्रक बंद पडत नाही

जुना ट्रक. सायलेन्सर सडला म्हणून बदलला, नाहीतर मॅनिफोल्डचं पॅकिंग फुंकत होतं म्हणून नवं टाकलं. गॅरेजातून गाडी निघाली आणि पहिल्याच सिग्नलला रेसवरून पाय काढताच बंद. सेल्फ मारला, चालू झाली. पुढच्या चौकात पुन्हा तेच. मिस्त्रीचं उत्तर तयार असतं: ‘‘शेठ, पाईप मोकळा झाला ना, बॅक प्रेशर गेलं.’’ शेठही मान डोलावतात. मग चांगल्या पाईपात आतून पत्रा वेल्ड करून त्याचं तोंड लहान केलं जातं. हे ऐकून ऐकून कान किटले, म्हणून एकदा नीट मांडतो. यांत्रिक पंपाच्या, म्हणजे कॉम्प्युटर नसलेल्या डिझेल ट्रकांबद्दल हे सगळं आहे.

गैरसमज: इंजिन चालायला बॅक प्रेशर लागतं.

वस्तुस्थिती: लागत नाही. जळालेला वायू बाहेर ढकलताना पिस्टनला जो विरोध होतो, तेच बॅक प्रेशर. तो विरोध कमी झाला तर इंजिनाचे कष्ट वाचतात. विश्वास बसत नसेल तर इंजिन बनवणाऱ्यांचं ऐका. टाटांच्या अनेक ट्रकांत टाटा-कमिन्सचं बी मालिकेचं इंजिन असतं. या मालिकेच्या तांत्रिक पत्रकांत एक्झॉस्टच्या दाबाची कमाल मर्यादा दिलेली असते: साधारण ७६ मिलिमीटर पारा, म्हणजे वातावरणाच्या दाबाचा दहावा हिस्सा. यापेक्षा जास्त नको, एवढंच कंपनी सांगते. ‘इतकं तरी हवंच’ असा आकडा तिथे नसतो.

शिवाय डिझेल इंजिनाचं स्लो गव्हर्नर सांभाळतो. फेरे पडायला लागले की तो पंपाची रॅक सरकवून डिझेल वाढवतो. पाईप मोकळा झाल्याने त्याच्या कामात काहीच अडत नाही.

पडताळा सोपा आहे. आसपास पेट घेईल असं काही नाही याची खात्री करून पुढचा पाईप मॅनिफोल्डपासून, टर्बो असेल तर टर्बोच्या मागून, उतरवा आणि गाडी चालू करा. कानठळ्या बसतील, पण पाईप नाही म्हणून इंजिन बंद पडणार नाही. पाईप लावल्यावर बंद पडतं आणि काढल्यावर चालतं, असं झालं तर पाईप कुठेतरी तुंबला आहे. म्हणजे मिस्त्री सांगतो त्याच्या नेमकं उलट! अशा गाडीत आणखी पत्रा वेल्ड करणं म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी.

मग ही समजूत आली कुठून? माझ्या मते बरीचशी टू-स्ट्रोकवाल्यांकडून. यामाहा आरएक्स १०० चा सायलेन्सर बदलला की पिकअप जातो, हे खरंच आहे. टू-स्ट्रोकमध्ये थोडं ताजं मिश्रण सायलेन्सरात निसटतं आणि पाईपातून परतणारी दाबाची लाट ते आत ढकलते. सायलेन्सरचा आकार त्या लाटेच्या वेळेशी जुळवलेला असतो. तुमचा ट्रक फोर-स्ट्रोक आहे. तिथला नियम इथे लावण्यात अर्थ नाही.

तेव्हा शोध घ्यायचा तो काम करताना जिथे जिथे हात, पाना किंवा वेल्डिंगची आच लागली तिथे.

पहिला संशय डिझेलच्या लाईनने हवा घेतल्याचा. टाकीपासून फीड पंपापर्यंतची लाईन चेसिसवरून, कधी सायलेन्सरच्या अंगावरूनच जाते. आचेने कडक झालेला रबरी पाईप क्लिपाखाली चिरतो. हा भाग ओढणारा असल्यामुळे इंजिन चालू असताना डिझेल गळत नाही, उलट बाहेरची हवा आत जाते. लाईन कोरडी दिसते आणि मिस्त्री पुढे सरकतो. फीड पंपाच्या अलीकडे हातभर पारदर्शक पाईप जोडा. स्लोला त्यात बुडबुड्यांची माळ धावताना दिसली की चोर सापडला. नाहीतर कॅनमधल्या स्वच्छ डिझेलवर इंजिन थेट चालवून बघा. कॅनवर बंद पडत नसेल तर दोष लाईनीत किंवा टाकीच्या जाळीत. पाईप बदला आणि फिल्टरचा स्क्रू सैल करून, हातपंप मारून सगळी हवा काढा.

दुसरा संशय एक्झॉस्ट ब्रेकचा. पाईपातली झडप बंद करून हा ब्रेक लागतो आणि बहुतेक गाड्यांत त्याच वेळी पंपाचं डिझेलही तोडलं जातं. पाईप बसवताना या झडपेची दांडी वाकली किंवा काजळीने अडकली, तर ब्रेक न लावताही लागलेलाच. दांडी हाताने हलवा. सोडल्यावर ती पूर्ण परत यायला हवी. स्टॉपची केबलही कुठे दबली आहे का, ते पाहा.

तिसरा, पाईपात विसरलेला चिंधीचा बोळा किंवा भलत्याच भोकाचं पॅकिंग. हसू नका, होतं.

हे काहीच नसेल तर डिझेल फिल्टर बघा. तो तुंबायला आलेला असतो आणि नाव सायलेन्सरचं होतं. कावळा बसायला आणि फांदी मोडायला.

आता किरकोळ गैरसमज.

‘नवा सायलेन्सर सेट व्हायला दोन-चार ट्रिपा लागतात.’ त्यात सेट होण्यासारखं काही नसतं.

‘काळा धूर म्हणजे सायलेन्सर चोक.’ काळा धूर म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी. आधी एअर फिल्टर आणि नोझल बघा.

‘जुन्या गाडीला वेल्डिंग करताना बॅटरी काढायची गरज नाही.’ आहे; अल्टरनेटरचे डायोड जाऊ शकतात.

‘सायलेन्सर काढूनच टाकला की कटकट मिटली.’ केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नियम १२० सायलेन्सर सक्तीचा करतो आणि मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) खाली, २०१९ च्या दुरुस्तीनंतर, दंड १०,००० रुपयांपर्यंत जातो.

‘हेच उपाय बीएस-६ गाडीलाही चालतील.’ नाही. तिथे एक्झॉस्टमधले सेन्सर कॉम्प्युटरला माहिती देतात. आधी स्कॅनर लावा, मग पाना उचला. जुन्या गाडीत मात्र पाईपात पत्रा घालण्याआधी मिस्त्रीला एवढंच विचारा: लाईनीतली हवा बघितली का?