चढत्या कराचे माप

कर प्रगतिशील आहे की नाही, हे कसे ओळखावे? सर्वांत वरचा दर पाहून, असे आपण झटकन म्हणतो. सुरतेचा इतिहास मात्र निराळे शिकवितो.

१८४४ मध्ये मुंबई इलाख्यात मिठावरील कर मणामागे ८ आण्यांवरून १ रुपया झाला, तेव्हा सुरत पेटून उठली. सरकारला तो १२ आण्यांवर आणावा लागला. मीठ राव आणि रंक सारखेच खातात. म्हणून असा कर गरिबाच्या मिळकतीचा मोठा वाटा नेतो. यालाच प्रतिगामी कर म्हणतात.

१८७८ चा परवाना-कर मिळकत पाहून बसविला होता. तरी वर्षाला जेमतेम १०० रुपये मिळविणारा दुकानदार त्यात सापडला आणि सरकारी अधिकारी व वकील सुटले. सुरतेत हरताळ पडला, दंगल झाली. १८८० मध्ये करमाफीची मर्यादा ५०० रुपयांवर गेली. १८८६ च्या आयकर कायद्याने अधिकारीही कक्षेत आले. २,००० रुपयांखाली रुपयाला ४ पै, त्यावर ५ पै.

शेजारी देशांची तुलना करतानाही हे ध्यानी ठेवावे. २०२५-२६ साली वरचा दर, अधिभार वगळून, भारतात ३०, श्रीलंकेत ३६ व नेपाळात ३९ टक्के होता. एवढ्यावरून निवाडा होत नाही. भारतात १९७३-७४ मध्ये हाच दर अधिभारासह ९७.७५ टक्के होता. पण त्या पायरीपर्यंत पोचणारे मोजकेच. दर कोणत्या मिळकतीपासून लागतो, कोण सुटतो आणि सरकारची भिस्त रोजच्या वस्तूंवरील करांवर किती आहे, हे प्रश्न आधी विचारावेत.