दहावा माणूस कुठून आणायचा?

अलिबागच्या इस्रायल आळीतलं मागेन आबोथ सिनेगॉग १८४८ सालचं, १९१० मध्ये नव्यानं उभारलेलं. सणवार आला की तिथला कारभार बघणाऱ्याला पहिला प्रश्न पडतो तो हिशेबाचा: दहाजण जमतील का? तेरा वर्षांपुढचे दहा पुरुष असल्याखेरीज मिनयान होत नाही. मिनयान नाही, तर हेखाल या पवित्र कपाटातली तोरा या धर्मग्रंथाची गुंडाळी बाहेर काढून वाचता येत नाही आणि गेलेल्या माणसाच्या नावानं कद्दिश म्हणता येत नाही. आठ झाले, नऊ झाले. दहाव्यासाठी कुणाच्या तरी दारी जायचं, मुंबई-ठाण्याच्या भाच्या-पुतण्यांना फोन करायचा. या कामाला पगार नाही.

रायगडच्या किनाऱ्यावरचे बेने इस्रायल ज्यू म्हणजे आपले शनिवार तेली. घाणा चालवायचे, शनिवारी बंद ठेवायचे, म्हणून हे नाव. नौगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटलं, सात पुरुष नि सात बायका वाचल्या, ही त्यांची मूळकथा. ती इतिहासाच्या कसोटीला किती उतरते हे बाजूला ठेवू. मला जास्त नवल वाटतं ते पुढच्या गोष्टीचं. या समाजाला स्वतःचा रब्बी कधीच नव्हता. डेव्हिड रहाबी नावाच्या पाहुण्यानं झिराडकर, राजपूरकर, शापूरकर या घराण्यांतले तिघे शिकवून काजी नेमले, अशी परंपरा सांगते. हे काजी गावोगाव फिरून लग्नं आणि सुंता उरकत. गावातले तंटे मुकादम आणि चौगुला पंचांना घेऊन सोडवत. पुढे सिनेगॉगं झाली तशी कामं वाटली गेली. मुकादम प्रमुख, गब्बाईकडे पैशाची पेटी, हझान प्रार्थना चालवणार, समाश दिवाबत्ती बघणार. हझानाला मानधन मिळे, कधीकधी तो कोचीनचा असे. मुकादम मात्र आपला पोटाचा धंदा सांभाळूनच मुकादमी करायचा.

पहिलं सिनेगॉग मात्र मुंबईत, १७९६ चं. तेही उभं केलं सामाजी हसाजी दिवेकर ऊर्फ सॅम्युएल इझिकेल या कंपनीच्या पलटणीतल्या अधिकाऱ्यानं. आडनाव सांगतंच, माणूस दिवेआगरचा. किनाऱ्यावर रेवदंडा, अलिबाग, पनवेल इथली सिनेगॉगं नंतरची, एकोणिसाव्या शतकातली.

अशा कार्यकर्त्यांत हाईम सॅम्युएल किहीमकर (१८३०–१९०८) माझ्या मते सगळ्यांत चिवट. सरकारी नोकरी करता करता त्यांनी समाजाच्या मुलांसाठी मुंबईत १८७५ साली शाळा काढली. पुढे तीच सर एली कदूरी शाळा झाली. समाजाचा पहिला मोठा इतिहास त्यांनी १८९७ मध्ये लिहून पुरा केला, आणि तो छापला गेला १९३७ साली, तेल अवीवमध्ये. लेखक तोवर केव्हाच गेलेले. रूढी, सण, आडनावं, कोण काय खातं, काय नाही, सगळं टिपून ठेवणारा हा माणूस ना धर्मगुरू, ना प्राध्यापक.

रब्बी नसल्याची किंमतही मोजावी लागली. समाजातले बरेच जण इस्रायलला गेल्यावर तिथल्या धर्मपीठानं बेने इस्रायलांच्या लग्नाआधी आई-आजीपर्यंतचं कूळ तपासायचा हुकूम काढला. १९६४ च्या उन्हाळ्यात हे लोक जेरुसलेममध्ये ठिय्या देऊन बसले. पार्लमेंटनं ठराव करून त्यांची बाजू घेतली, हुकूम मागे घ्यावा लागला. आंदोलन चालवणारे साधे नोकरदार-कामगारच होते.

कारभाऱ्याचं काम जवळून बघायचं तर मलिदा बघावा. नवस फेडायचा, लग्नघर असेल किंवा नव्या घरात जायचं असेल, तर प्रेषित एलियाहू हनबीचं नाव घ्यायचं. भिजवलेले पोहे, खवलेला नारळ, साखर, वेलची. वर फळं रचायची, खजूर हवाच. ताट मधे, भोवती माणसं. प्रार्थना हिब्रूत, ‘अगं, पोहे फार मऊ झाले’ हे मराठीत. बायका पहाटेपासून खोबरं खवत असतात. मिनयानात मात्र त्यांची मोजदाद नाही, हे मला खटकतं. अलिबागजवळच्या खंडाळ्याला हनबींच्या रथाच्या खुणा मानतात तो खडक आहे. तिथे मलिदा करायचा तर पोहे, परात, पाणी आणि म्हातारी माणसं न्यायची कशी, हे आधी ठरवावं लागतं.

स्वातंत्र्याच्या सुमारास देशात वीसेक हजार बेने इस्रायल होते. आता चार-पाच हजार, तेही बहुतेक मुंबई-ठाण्याकडे. महाराष्ट्र सरकारनं २०१६ मध्ये ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिला. त्यानं कागदपत्रं सोपी झाली, दहावा माणूस काही मिळाला नाही. मागे राहिलेल्या कारभाऱ्याकडे आता नवंच काम आलंय. इस्रायलमधल्या अश्दोद-दिमोनाहून नातवंडं येतात, आजोबांचं गाव बघायचं म्हणतात. त्यांना सिनेगॉग उघडून दाखवायचं, नौगावच्या कबरस्तानात घेऊन जायचं, गवत बाजूला सारून दगडावरचं मराठी नाव वाचून दाखवायचं.