मुठींत मावणाऱ्या शर्यतीच्या मोटारी



पोस्टाचीं तिकिटें, जुनीं नाणीं किंवा समुद्रकांठचे शिंपले जमविणारीं माणसें आपणां सर्वांच्या परिचयाचीं असतात, आणि त्यांच्या छंदाला कोणी हंसत नाहीं. परंतु एखाद्या प्रौढ गृहस्थानें बोटभर लांबीच्या मोटारगाड्या कांचेच्या कपाटांत मांडून ठेवलेल्या दिसल्या, कीं पाहुण्यांच्या मनांत 'पोरखेळ' हा शब्द आल्यावांचून राहत नाहीं. आज मी ज्या छंदाविषयीं बोलणार आहें, तो याच जातीचा आहे. अहोरात्र चालणाऱ्या मोटार-शर्यतींत धांवलेल्या जुन्या गाड्यांच्या प्रमाणबद्ध प्रतिकृति जमविणें, हा तो छंद. तो पोरखेळ कीं इतिहासाची जोपासना, हें ठरविण्याची एक साधी कसोटी आहे. आणि ती कोणती, हेंच मला आज सांगावयाचें आहे.

प्रथम ती शर्यत समजून घेऊं. फ्रान्सच्या वायव्य भागांत ल माँ नांवाचें शहर आहे. तेथील मोटार-क्लबानें १९२३ सालच्या मे महिन्याच्या २६ व २७ तारखांस गांवाबाहेरच्या सार्वजनिक रस्त्यांवर १७ किलोमीटरांहून कांहींसा अधिक लांबीचा फेरा आंखून चोवीस तासांची पहिली शर्यत भरविली. एका गाडीस दोन चालक. त्यांनीं आळीपाळीनें गाडी हांकावयाची. आणि दुसऱ्या दिवशीं त्याच घटकेस जी गाडी सर्वांत अधिक अंतर तोडून गेली असेल, ती पहिली. त्या वर्षीं ३३ गाड्या निघाल्या व ३० गाड्या अखेरपर्यंत टिकल्या. लागाश आणि लेओनार या दोघांच्या शनार-वाल्कर गाडीनें २,२०० किलोमीटरांहून अधिक मजल मारली.

या शर्यतीचा मूळ हेतु केवळ वेगाची परीक्षा करणें हा नव्हता. रस्त्यावर नित्य वापरावयाची मोटार रात्रीच्या अंधारांत, पावसांत, न मोडतां किती वेळ चालूं शकते, तिचे दिवे व यंत्र सुरू करण्याची विजेची सोय कितपत भरंवशाची आहे, हें पाहावयाचें होतें. आरंभींच्या कांहीं वर्षांत तर उघड्या गाड्यांनीं वरचें कापडी छत उभारून ठराविक फेरे पुरे केलेच पाहिजेत, असाही नियम होता.

आतां प्रतिकृतीकडे वळूं. शाळेंतील मुलास नकाशाचें प्रमाण शिकवितांना आपण सांगतों कीं, कागदावरचा एक इंच म्हणजे भूमीवरचे इतके मैल. प्रतिकृतीचेंही तसेंच आहे. या छंदांत सर्वांत रूढ असलेलें प्रमाण १:४३ हें आहे. तें असें विचित्र कां, याचें उत्तर खेळण्यांतील आगगाडींत सांपडतें. इंग्लंडांत एका फुटास ७ मिलिमीटर या प्रमाणाच्या आगगाड्या प्रचलित होत्या. हिशेब केला म्हणजे तें प्रमाण १:४३॥ च्या जवळपास येतें. लिव्हरपूलच्या मेकॅनो कंपनीचे संस्थापक फ्रँक हॉर्नबी यांनीं आपल्या आगगाड्यांच्या शेजारीं मांडावयास लहान मोटारी काढल्या. १९३४ सालीं त्यांस 'डिंकी टॉइज' हें नांव मिळालें, आणि पुढें तेंच माप मोटारींच्या संग्राहकांनीं स्वीकारलें. या प्रमाणांत चार मीटर लांबीची गाडी ९३ मिलिमीटरांची, म्हणजे मुठींत मावेल एवढी होते. परंतु ल माँचा १९२३ चा फेरा याच प्रमाणांत आंखावयाचा म्हटला, तर त्यास ४०० मीटर लांबीची वाट लागेल! गाडी हातांत आली तरी शर्यत हातांत येत नाहीं, एवढें यावरून ध्यानांत ठेवावें.

लहान करण्यांतही अडचणी असतात. रंगाचा थर एक दशांश मिलिमीटर जाडीचा बसला, तर प्रत्यक्ष गाडीवर चार मिलिमीटर जाडीचा गिलावा केल्यासारखें तें होतें. दारांच्या फटी बुजतात, कडा बोथट होतात. जुन्या गाड्यांच्या चाकांस तारेच्या आऱ्या असत. त्या या मापांत केसासारख्या व्हावयास पाहिजेत. वितळलेला धातु पोलादी सांच्यांत दाबानें भरून केलेल्या खेळण्यांत हें साधत नसे. म्हणून पुढें पातळ पत्र्यावर आम्लानें कोरून आऱ्या करण्यांत येऊं लागल्या, आणि गाडीचें अंग रबरी सांच्यांत कृत्रिम राळ, म्हणजे रेझिन, ओतून घडविण्यांत येऊं लागलें. राळेच्या प्रतिकृतीचीं दारें बहुधा उघडत नाहींत. परंतु तिची आकृति अधिक रेखीव असते.

परंतु मापें बिनचूक असलीं म्हणजे प्रतिकृति खरी झाली काय? येथेंच मघां सांगितलेली कसोटी लागते. प्रतिकृति ही नुसत्या गाडीची नसते. ती त्या गाडीच्या एका विशिष्ट घटकेची असते. १९२७ सालचें उदाहरण घ्या. त्या वर्षीं रात्रीं 'व्हाइट हाउस' नांवाच्या वळणावर अनेक गाड्या एकमेकींवर आदळल्या, आणि तिन्ही बेंटली गाड्या त्यांत सांपडल्या. त्यांपैकीं एकच पुढें जाऊं शकली. सॅमी डेव्हिस व डॉक्टर बेंजाफील्ड यांनीं ती वांकलेली, एक दिवा फुटलेली गाडी तशीच रेटून शर्यत जिंकली. आतां आपल्या कपाटांतील बेंटलीचे दोन्ही दिवे शाबूत असतील, तर ती शर्यतीच्या आरंभींची गाडी होय. तिच्याखालीं 'विजेती' अशी चिठ्ठी लावणें अर्धसत्य ठरेल.

कोणी म्हणेल, मूळ गाडी उपलब्ध असतां या खटाटोपाचें प्रयोजन काय? परंतु मूळ गाडीही आपल्या त्या घटकेस धरून राहत नाहीं. १९२९ व १९३० या दोन्ही वर्षीं जिंकलेल्या 'ओल्ड नंबर वन' नांवाच्या बेंटलीची कथा या दृष्टीनें उद्बोधक आहे. पुढें तिच्यांत मोठें एंजिन बसविण्यांत आलें. १९३२ सालीं ब्रुकलँड्सच्या शर्यतींत तिला अपघात होऊन क्लाइव्ह डन्फी हा चालक मरण पावला. नंतर तिच्यावर बंद छपराचें निराळें अंग चढलें. कालांतरानें तेंही बदललें. अखेर तिच्या कोटि पौंडांच्या विक्रीवरून वाद होऊन १९९० सालीं लंडनच्या न्यायालयास प्रश्न पडला कीं, इतके भाग बदलल्यावर हीच ती गाडी काय? गाडीचा इतिहास अखंड आहे, म्हणून तें नांव तिचेंच, असा निर्णय न्यायमूर्तींनीं दिला. परंतु १९२९ च्या विजयी गाडीचे मूळ भाग तिच्यांत फारच थोडे उरले होते. अशा वेळीं १९२९ च्या जून महिन्यांतील ती गाडी पाहावयाची, तर जुनीं छायाचित्रें आणि त्यांवरून काळजीपूर्वक केलेली प्रतिकृति, हींच साधनें आपल्या हातीं राहतात.

ही कसोटी एकदां पतकरली, कीं संग्राहकास केवळ विजयी गाड्या ठेवून भागत नाहीं. पिएर लव्हेग हा फ्रेंच चालक १९५२ सालीं आपल्या टाल्बो गाडीचें चक्र दुसऱ्या कोणाच्या हातीं न देतां जवळजवळ तेवीस तास एकटा गाडी हांकीत राहिला. तो आघाडीवर होता; शर्यत संपण्यास तास-सव्वा तास उरला असतां त्याचें एंजिन निकामी झालें आणि विजय मर्सिडीझकडे गेला. तीन वर्षांनीं त्याच कंपनीनें त्याला आपल्या ताफ्यांत घेतलें. ११ जून १९५५ रोजीं सायंकाळीं माइक हॉथॉर्न याची जॅग्वार थांब्याकडे वळण्यासाठीं एकाएकीं मंदावली. तिला चुकविण्यास लान्स मॅक्लिनची ऑस्टिन-हीली बाजूला झाली. आणि मागून वेगानें येणारी लव्हेगची २० क्रमांकाची मर्सिडीझ तिच्यावर चढून प्रेक्षकांच्या बांधावर कोसळली. लव्हेग ठार झालाच, त्याबरोबर ऐंशींहून अधिक प्रेक्षकही प्राणांस मुकले. थांबे व धांवपट्टी यांमध्यें कसलाही आडोसा नव्हता आणि तेथें रस्ता अरुंद होता. पुढें ती जागा मोडून रुंद करण्यांत आली. आणि या अपघातानंतर स्वित्झर्लंडनें आपल्या देशांत असल्या शर्यतींवर बंदी घातली.

२० क्रमांकाची ती गाडी कपाटांत ठेवावी कीं नाहीं, यावर संग्राहकांत मतभेद आहेत. मृत्यूचें प्रदर्शन मांडूं नये, हें म्हणणें आदरास पात्र आहे. तथापि माझें मत असें कीं, ती ठेवावी. हॉथॉर्नची ६ क्रमांकाची जॅग्वार, जी त्या वर्षीं जिंकली, तिच्या शेजारीं ठेवावी. आणि चिठ्ठीवर मृतांचा उल्लेख साध्या शब्दांत करावा. या दोन गाड्या जवळ ठेवून पाहिल्या, तर आणखी एक गोष्ट दिसते. मर्सिडीझच्या चालकामागें वारा अडविण्यासाठीं उभी राहणारी एक फळी होती; कारण तिचे ब्रेक जुन्या, पिंपाच्या पद्धतीचे होते, तर जॅग्वारला नवीन तबकड्यांचे ब्रेक होते. एक गाडी झटकन् थांबूं शकत होती, दुसरी तितक्या लवकर नाहीं. दोन इवल्या प्रतिकृति त्या अपघाताच्या कारणांपैकीं एक अशा रीतीनें डोळ्यांपुढें ठेवतात. केवळ विजेत्यांची रांग ही भाटगिरी होय. त्यांत इतिहास नाहीं.

शेवटीं जतन करण्याविषयीं दोन शब्द. जुन्या धातूच्या प्रतिकृतींस एक असाध्य रोग जडतो. त्या जस्ताच्या मिश्रधातूच्या असतात. या मिश्रणांत शिशाचा अंश चुकून शिरला, तर वर्षानुवर्षें आंतल्या आंत कणांचे सांधे सुटत जातात. गाडी फुगते, तडकते आणि एके दिवशीं भुगा होऊन पडते. युद्धपूर्व काळच्या कित्येक डिंकी गाड्या अशा नाहींशा झाल्या. दमट व उष्ण हवेनें हा क्षय वेगानें होतो. म्हणून कोंकणपट्टींत किंवा मुंबईंत राहणाऱ्यांनीं पावसाळ्यांत कपाटांत ओल शोषून घेणाऱ्या पुड्या अवश्य ठेवाव्या. ऊन थेट पडूं देऊं नये. त्यानें रंग व चिकटवलेले क्रमांक फिके पडतात. मऊ धांवा प्लॅस्टिकच्या बैठकीस फार दिवस टेकून राहिल्या, तर त्यांतील द्रव्य बाहेर येऊन बैठक वितळवितें. यास्तव चाकें किंचित् उचलून ठेवावीं.

आणि ज्यास हा छंद नव्यानेंच लागला आहे, त्यानें एक वही करावी. प्रत्येक गाडीपुढें वर्ष, क्रमांक, चालकांचीं नांवें, शर्यतींत तिचें काय झालें, आणि ही प्रतिकृति कोणत्या घटकेची आहे, एवढें लिहावें. ज्या गाडीपुढें शेवटचा रकाना भरतां येत नाहीं, ती मुलांस खेळावयास द्यावी. तीहि आनंदित होतील, आणि कपाटांतही जागा होईल.