विश्लेषण : लोणार ज्वालामुखीचे की उल्केचे? दगडातल्या कणाची साक्ष

टेंभी नाक्यापासून थोड्याच अंतरावरच्या पारसिकच्या डोंगरात दिसतो तोच काळा बसाल्ट लोणारच्या विवराखालीही आहे. त्यामुळेच सुमारे १.८ किलोमीटर रुंदीचे ते विवर ज्वालामुखीचे, असे अनेक भूवैज्ञानिक दीर्घकाळ मानत होते.

भौतिकशास्त्रज्ञाचा संबंध काय?
फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ रेमों कास्तँ यांनी डॉक्टरेटसाठी इलेक्ट्रॉन मायक्रोप्रोब घडवला. प्रबंध १९५१ चा. इलेक्ट्रॉनांचा झोत खनिजाच्या मायक्रॉनभर ठिपक्यावर रोखायचा. तिथले प्रत्येक मूलद्रव्य ठरावीक तरंगलांबीचे क्ष-किरण सोडते. ते मोजले की सिलिकॉन किती, कॅल्शियम किती, हे कळते. दगड कुटून पूड करावी लागत नाही, हे विशेष! पुढे कास्तँ फ्रान्सच्या अंतराळ-विमान संशोधन संस्थेचे प्रमुखही झाले.

लोणारमध्ये काय सापडले?
मायक्रोप्रोबच्या वापरातील एक अग्रणी कर्ट फ्रेड्रिक्सन आणि भारतीय सहकाऱ्यांचा शोधनिबंध १९७३ मध्ये ‘सायन्स’मध्ये आला. तळाखालच्या नमुन्यांत मास्केलिनाइट होते : घटक फेल्डस्पारचे, पण स्फटिकाची रचना मोडून झालेली काच. असा आघाताचा दाब ज्वालामुखीत निर्माण होत नाही. काचेचे गोलक तर अपोलो मोहिमांनी आणलेल्या चांद्रनमुन्यांशी जुळले.

वय ठरले का?
इथे मात्र घोळ आहे. एका पद्धतीने सुमारे ५२ हजार वर्षे येतात, तर २०११ मध्ये आर्गॉन पद्धतीने ५ लाख ७० हजार निघाली.