पैसा किती वाटला, की बदल काय झाला?



मागच्या महिन्यात एका गटाचं रजिस्टर बघत होते. परतफेड 100 टक्के! मी खूश. निघताना एक ताई हळूच म्हणाल्या, "पोरी, हप्ता चुकला नाही, पण शेळ्या पावसाळ्यातच मेल्या. हप्ता भरायला फायनान्सवाल्यांचं कर्ज काढलं." रजिस्टरमध्ये हे कुठंच नव्हतं.

अशी गफलत मोठ्या बँकेचीही झाली आहे. जागतिक बँक देशांना विकासासाठी कर्ज देते. आपल्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानालाही तिचं कर्ज मिळालं आहे. 1992 मध्ये या बँकेनं स्वतःच्याच कामाची तपासणी केली. तेव्हा नुकत्याच पूर्ण झालेल्या प्रकल्पांपैकी एक तृतीयांशाहून जास्त प्रकल्पांचं काम समाधानकारक नाही, असं दिसलं. कारण काय? सगळ्यांचं लक्ष कर्ज मंजूर करण्याकडे. पुढं काय झालं, हे बघण्याकडे कमी.

मग 2012 मध्ये बँकेनं कर्जाची एक नवी पद्धत सुरू केली. खर्चाच्या पावत्या बघून नाही, तर ठरलेला बदल दिसला की पैसे द्यायचे. 2015 मध्ये स्वच्छ भारत मिशन ग्रामीणसाठी 150 कोटी डॉलरचं कर्ज मंजूर झालं, ते याच पद्धतीनं. किती संडास बांधले एवढंच त्यात मोजायचं नव्हतं. उघड्यावर जाणं कमी झालं का? हागणदारीमुक्त झालेलं गाव तसंच राहिलं का? हे बघायचं होतं. संडासात सरपण भरून ठेवलं असेल, तर बांधकाम झालं, बदल नाही झाला. हे आपल्याइतकं कोणाला ठाऊक!

आणखी एक अट होती. तपासणी त्रयस्थ संस्थेनं करायची. कारण ज्याला पैसे मिळणार, त्यानंच आकडा सांगितला तर तो फुगतो.

आता आपल्या गटाकडे बघा. बैठका किती, कर्जवाटप किती, वसुली किती, हे आपण चोख लिहितो. ते हवंच. पण कर्ज दिल्यावर सहा महिन्यांनी एवढं विचारा:

1. कर्जातून घेतलेलं जनावर किंवा वस्तू आज आहे का?
2. त्यातून महिन्याला हातात किती पडतं?
3. हप्ता कशातून भरला? धंद्यातून, मजुरीतून, की दुसरं कर्ज काढून?

हे विचारायला दुसऱ्या गटातली ताई पाठवा. उत्तर ऐकून कोणाला बोल लावू नका, नाहीतर पुढच्या वेळी खरं कोणी सांगणार नाही.

त्या ताईंना आपण वेळेत विचारलं असतं, तर गटानं मुदत वाढवून दिली असती. दुसरं कर्ज डोक्यावर बसलं नसतं. पुढच्या बैठकीला येईन तेव्हा रजिस्टरमध्ये वसुलीशेजारी हा नवा रकाना मला दाखवाल ना?

तुमची,
क्षेत्र समन्वयक