परताव्यावरचं व्याज: हक्क कुणाचा, किती?

दापोडीतल्या सँडविक एशिया या कंपनीचा आयकर खात्याशी वाद सुरू झाला तो १९७७-७८ आणि त्यानंतरच्या काही वर्षांच्या करावरून. अपिलात निकाल कंपनीच्या बाजूने लागले. जादा भरलेल्या करावरचं व्याज मात्र हाती पडायला १२ ते १७ वर्षं गेली. मग कंपनीने पुढचा दावा केला: हे व्याजही खात्याने वर्षानुवर्षं अडकवून ठेवलं, तर त्याची भरपाई कोण देणार?

मुंबई उच्च न्यायालयाने तो मान्य केला नाही. सर्वोच्च न्यायालयाने २७ जानेवारी २००६ रोजी तो निकाल फिरवला. मार्च १९८६ ते मार्च १९९८ या काळासाठी नऊ टक्के दराने भरपाई द्या, महिनाभरात दिली नाही तर दर पंधरा टक्के होईल, असा आदेश झाला.

या निकालाचा आधार घेऊन अनेकांनी ‘व्याजावर व्याज’ मागायला सुरुवात केली. २०१३मध्ये गुजरात फ्लोरो केमिकल्सच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने त्याला आळा घातला. सँडविकला मिळाली ती असाधारण दिरंगाईची भरपाई होती. एरवी कायद्यात लिहिलंय तेवढंच व्याज मिळेल, असा खुलासा न्यायालयाने केला. पुढच्याच वर्षी टाटा केमिकल्सच्या निकालाने करदात्याची बाजू पुन्हा भक्कम केली. उगमस्थानी कापून भरलेला कर जास्त झाला असेल, तर तो परत करताना सरकारने व्याजही दिलं पाहिजे. हक्क नसताना पैसा वापरला, तर व्याज देणं ओघानंच आलं.

पण किती? १९६१च्या आयकर कायद्यात करदात्याने उशीर केला तर दरमहा एक टक्का व्याज, आणि सरकारने परतावा द्यायला उशीर केला तर दरमहा अर्धा टक्का. पन्नास हजारांची थकबाकी वर्षभर राहिली तर नागरिकाने सहा हजार भरायचे; तेवढाच परतावा वर्षभर रखडला तर त्याला मिळणार तीन हजार. ही तफावत अन्यायाची आहे.

सर्वांत बिकट अवस्था होते ती विवरणपत्र वेळेत न भरणाऱ्याची. कुणी आजारपणात अडकलेलं असतं, कुणाच्या घरात कर्ता माणूस गेलेला असतो. निवृत्तांच्या ठेवींवर बँकेने टीडीएस कापलेला असतो, पण तो परत मागता येतो हे त्यांना उशिरा कळतं. उशिराच्या विवरणपत्राचीही मुदत उलटली, तर १९६१च्या कायद्याच्या कलम ११९(२)(ब) खाली विलंबमाफीचा अर्ज करावा लागतो. ऑक्टोबर २०२४च्या परिपत्रकानुसार करनिर्धारण वर्ष संपल्यापासून पाच वर्षांच्या आत तो करता येतो. एक कोटीपर्यंतच्या दाव्याचा निर्णय प्रधान आयुक्त किंवा आयुक्त घेतात, आणि शक्यतो सहा महिन्यांत घ्यावा, अशी अपेक्षा आहे.

अर्जदाराला खरीखुरी अडचण होती का, हे इथे पाहिलं जातं. एका अनिवासी भारतीयाच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने सांगितलं, की ‘अडचण’ या शब्दाचा अर्थ उदारपणे लावला पाहिजे. केवळ उशीर झाला म्हणून रास्त दावा मुळातच फेकून देता येणार नाही.

एवढं करूनही विलंबमाफी मिळालेल्या परताव्यावर व्याज मिळत नाही. परिपत्रकातच तशी अट आहे. अर्ज करेपर्यंतच्या काळाचं व्याज नाकारणं एक वेळ समजू शकतं. पण अर्ज हातात आल्यावर खात्याने घालवलेल्या महिन्यांचा भुर्दंड नागरिकाने का सोसावा? ही अट बदलायला हवी.

तोवर अर्जदाराने उशिराचं कारण तारखांसह लिहावं आणि रुग्णालयाची कागदपत्रं, मृत्यूचा दाखला, टीडीएसची प्रमाणपत्रं, जो असेल तो पुरावा जोडावा. अर्ज फेटाळला तर उच्च न्यायालयात रिट याचिका करता येते, आणि तिथे आधी पाहिलं जातं ते अधिकाऱ्याने या कागदांचा विचार केला होता की नाही.